वकील, स्त्री, वय 25 ते 30

ऑडिशनचा एक मेसेज नाटकवाल्या मित्राने मला पाठवला होता. मालिकेसाठी दोन पात्रं हवी होती. पहिलं : ‘ट्रान्सजेंडर. टाळी जोरात वाजवता आली पाहिजे.’ दुसरं : ‘वकील, स्त्री, वय 25 ते 30.’ मित्राच्या ओळखीची एक ट्रान्स अभिनेत्री या ऑडिशनला निघाली होती, आणि ती दुसऱ्या पात्रासाठी. हे ऐकलं आणि तिला भेटायचंच असं मी ठरवलं.

नाव छापू नका, हे तिने पहिल्याच फोनवर सांगितलं. “ज्यांनी नुसतं काम बघून घेतलंय ना ताई, त्यांना वाचून शंका यायला नकोत.”

ती सांगली जिल्ह्यातली, सव्वीस वर्षांची. अंधेरीत सात बंगल्याजवळ तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहते. ऑडिशनच्या दिवशी मी सकाळी पोचले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉने फुंकत होती. फुंकता फुंकता घशातून सूर काढायचा, खालून वर न्यायचा, पुन्हा उतरवायचा. ग्लासातलं पाणी बुडबुडत होतं. तेलाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलवर आकडा हलत होता : 162, 171, 184.

“एकशे ऐंशी,” ती म्हणाली. “त्याच्या खाली जायचं नाही.”

हा आकडा तिला स्पीच थेरपिस्टने दिलेला. स्वरतंतूंची सेकंदाला एकशे ऐंशी कंपनं. पुरुषाचा आवाज साधारण शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, बाईचा दोनशेच्या. वयात येताना स्वरतंतू एकदा लांब आणि जाड झाले की स्त्री-संप्रेरकांच्या गोळ्यांनी ते पुन्हा बारीक होत नाहीत. ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की काही महिन्यांत आवाज खाली येऊ लागतो. ट्रान्स स्त्रीला तो बहुधा रियाजानेच वर न्यावा लागतो. आणि सूर चढवून भागत नाही. छातीत घुमणारा नाद पुढे, तोंडात आणायचा, वाक्याची चाल बदलायची. दोन वर्षं ती हेच करते आहे. बोलणं साधलं, हसणं अर्धंमुर्धं साधलं, शिंक अजून जुनीच येते. सगळ्यांत अवघड राग. संताप आला की आवाज आपसूक खाली घसरतो, आणि त्या दिवशीच्या प्रसंगात वकीलबाईला भर कोर्टात ओरडायचं होतं.

मेकअप करता करता ती गावचं सांगत होती. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथे. बालगंधर्वांचं नागठाणेही याच जिल्ह्यात. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, भामिनी केली, सिंधू केली, आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हिनेही स्त्रीपात्र केलं, पहिलं बक्षीस मिळालं, चुलत्यांनी शाल पांघरून सत्कार केला. पुढच्या वर्षी ती रंगमंचाबाहेर सलवार-कमीज घालू लागली आणि त्याच चुलत्यांनी घरी येणं बंद केलं. मला हा हिशेब अजून लागलेला नाही. कलेचं कौतुक होतं, की ती नाटक संपल्यावर उतरवून ठेवता येते याचं?

“तुमचा तर जन्मभर अभिनयच,” असं तिला कुणी म्हटलं की ती चिडते. “लपणं म्हणजे अभिनय नाही ताई. लपताना कुणाला दिसू नये म्हणून धडपड असते. अभिनयात दिसायचं असतं.”

आरामनगरला आम्ही चालतच गेलो. वर्सोव्याची ही जुनी बैठ्या घरांची वस्ती आता कास्टिंगच्या ऑफिसांनी भरली आहे. बोळात पोरं-पोरी भिंतीकडे तोंड करून संवाद घोकत होती. दारातूनच एक नजर टाकून ‘नॉट फिट’ म्हणायची इथली रीत आहे. हे दोन शब्द इथल्या प्रत्येकाने ऐकलेत. तिने मात्र ते कधी कधी वरपासून खालपर्यंत बघून झाल्यावर, हसू दाबत म्हटलेलेही ऐकले आहेत. फॉर्मवर तीन चौकोन होते : स्त्री, पुरुष, इतर. तिने पहिल्यावर खूण केली. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नाल्सा निकालात मान्य केला आहे. तरी फॉर्म घेणारा मुलगा म्हणालाच, “ते टाळीवालं पण देऊन टाक ना.”

“आधी वकील घ्या.”

टाळीला ती नावं ठेवत नाही. “ती हिजडा घराण्यांची विद्या आहे, गुरूकडून मिळते. मी एम.कॉम. झालेय, मला कोण शिकवणार?”

मला कोपऱ्यात बसू दिलं. नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू हे झालं. पहिल्या टेकमध्ये तिने एकशे ऐंशी सोडले नाहीत. उच्चार स्वच्छ, उभं राहणं नेमकं, पण ओरडणं वरच्या वर राहिलं, घशाशी अडलेलं. दुसऱ्या टेकच्या आधी ती डोळे मिटून थांबली. मग ओरडली. आवाज खाली गेला, मध्येच फाटला. एकशे ऐंशी कुठल्या कुठे राहिले, आणि समोर खरोखर एक वकीलबाई उभी होती. क्यू देणारा मुलगा आपलंच वाक्य विसरला. संतापात बाईचा आवाज फाटतोच. माझाही फाटतो, आणि त्यावरून मला कुणी काही विचारत नाही.

बाहेर येऊन ती बाटलीभर पाणी प्यायली. “घसरला ना?”

“घसरला. त्यामुळेच प्रसंग उभा राहिला,” मी म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही.

चहाच्या टपरीवर मी तो नेहमीचा वाद काढला. ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकर, ‘तमन्ना’त परेश रावल, ‘ताली’त सुश्मिता सेन, आणि ‘जोगवा’तल्या जोगत्यासाठी उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार. या भूमिका ट्रान्स कलाकारांना का नाहीत? तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. “लिमयेंचं काम मी कितीदा पाहिलंय. त्यांनी जरूर करावं. पण मग मलाही त्यांची बहीण करू द्या.”

मी नंतर आठवत राहिले. ‘पेरन्बू’ या तमिळ चित्रपटात मम्मूटींसमोर अंजली अमीर होती, ‘कारभारी लयभारी’त गंगा, ‘मेड इन हेवन’मध्ये त्रिनेत्रा हलदार. तिघी ट्रान्स, तिघींनी मनापासून काम केलं, आणि तिघींची पात्रंही ट्रान्सच. दार उघडलं ते एवढंच. नटाने कुणीही व्हावं ही या धंद्याची मूळ अट आहे, आणि ती फक्त एकाच दिशेने चालते. याला मी सरळ अन्याय म्हणते.

वकिलाची भूमिका दुसरीला मिळाली. कारण सांगितलं नाही. इथे कुणालाच सांगत नाहीत. पण त्याच टेकवरून तिला दुसऱ्या एका मालिकेत बोलावणं आलं. ठाण्याला घोडबंदर रोडवर शूटिंग, एका दिवसाचं काम, पैसे नव्वद दिवसांनी. भूमिका नर्सची. पात्राला नाव नाही, वाक्यं चार. चौथं वाक्य वॉर्डात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांवर ओरडून म्हणायचं आहे, आणि ती सध्या त्याच वाक्याची तालीम करते आहे, मोबाइलवरचा आकडा बंद ठेवून.