छोट्यांची टीचर व्हायचंय? आधी कोर्स तपासा!

‘बारक्या पोट्ट्याइले सांभाळाले कॉलेज कायले लागते वं?’

अकोल्याच्या मावशीचा सवाल. निमित्त मावसबहिणीचं. बारावी झाली, मार्क बरे पडले आणि मॅडमनी डिक्लेअर करून टाकलं, ‘मला केजीची टीचर व्हायचंय.’ इंजिनीअरिंग नाही, एमपीएससी नाही, चक्क केजी! घरात दोन दिवस सन्नाटा. मग, ‘तू पेपरात लिहिते ना, मंग तूच सांग तिले,’ म्हणत प्रकरण माझ्याकडे आलं. तुमच्याही घरात अशी एखादी बहीण असेल. किंवा क्युबिकलमध्ये बसून तुम्हालाच हा किडा चावला असेल. सो, थोडा होमवर्क करू या.

आधी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. ते आपल्या वऱ्हाडातच आहे. ताराबाई मोडक हे बालशिक्षणातलं केवढं मोठं नाव! १९१४ साली ग्रॅज्युएट झालेल्या ताराबाई लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रिन्सिपॉल झाल्या आणि मग तिथली खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९४५ मध्ये बोर्डीचं काम, १९६२ मध्ये पद्मभूषण. एवढी शिकलेली बाई लहान मुलांसाठी पुन्हा नव्याने शिकली. का? कारण तीन वर्षांच्या मुलाला शिकवणं म्हणजे पहिलीचं पुस्तक सोपं करून वाचून दाखवणं नव्हे. ते मूल हाताने, खेळाने, गोष्टीने शिकतं. त्याचा हा ‘सिलॅबस’ ओळखायला ट्रेनिंग लागतं.

सरकारलाही हे पटलेलं दिसतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं आपलं धारणी होतं. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर ३ ते ८ वयोगटाला एकच ‘पायाभूत स्तर’ मानलं. म्हणजे केजी आणि पहिली-दुसरी आता एकाच गाडीचे डबे!

मग गोंधळ कुठे आहे? २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना हक्क देतो. त्याखालच्या मुलांसाठी सरकारने सोय ‘करावी’ नव्हे, ‘करता येईल’ एवढंच म्हणतो. शाळेच्या शिक्षकाला आहेत तसे कडक नियम प्ले-स्कूलच्या टीचरला लागत नाहीत. या मोकळ्या जागेत गल्लोगल्ली सर्टिफिकेटांची दुकानं उघडली. चकचकीत ब्रोशर, ‘इंटरनॅशनल’ नाव, ‘१०० टक्के प्लेसमेंट’... आणि कोर्स काही महिन्यांचा. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत टाकून वर्ल्ड रेकॉर्ड झाला होता. रस्त्याचं ठीक आहे हो, टीचर त्या स्पीडने तयार होत नाही!

म्हणून फंडा सिंपल ठेवा. कोर्सचं नाव नंतर, आधी ठरवा की तुम्हाला कोणत्या मुलांसमोर उभं राहायचंय.

फक्त नर्सरी-केजी हवंय? मग डीपीएसई, म्हणजे पूर्वप्राथमिक शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा. बारावीनंतर होतो आणि एनसीटीईच्या मान्यताप्राप्त कोर्सेसमध्ये येतो.

झेडपीची शाळा, पहिलीपासूनचे वर्ग? मग डी.एल.एड., पूर्वीचं आपलं डी.एड. हेही दोन वर्षांचं. त्यानंतर टीईटीचा डोंगर आहेच.

‘आधी बीए कर, मग बी.एड.’ असा काकांचा सल्ला? थांबा! ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. बी.एड. वाईट नाही, पण तो दरवाजा वरच्या वर्गांकडे उघडतो.

शिकवण्यापलीकडेही ऑप्शन हवेत? होम सायन्समधली मानव विकास शाखा पाहा. मुलाची वाढ, पोषण, कुटुंब, समुपदेशन असा मोठा आवाका असतो. पुढे एनजीओ आहेत, महिला-बालविकासच्या सुपरवायझरची भरती आहे. हातात पदवी असते, हा बोनस.

बारावीलाच पक्कं ठरलंय? चार वर्षांचा आयटीईपी आहे. त्यात पायाभूत स्तर निवडता येतो. पण तो मोजक्याच संस्थांत आहे आणि त्याला राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते.

नोकरी सोडता येत नाही? इग्नूचा डीईसीई हा ३२ क्रेडिटचा डिप्लोमा घरी बसून होतो. पाणी किती खोल आहे हे बघायला बेस्ट. मात्र तो तुमच्या टार्गेट नोकरीला चालतो का, हे त्या शाळेलाच आधी विचारा.

आता फी भरण्याआधीचे तीन प्रश्न. एक, मान्यता कोणाची? एनसीटीईची मान्यता संस्थेच्या बोर्डाला नाही, त्या विशिष्ट कोर्सला आणि ठरावीक जागांना असते. त्यामुळे ‘आमचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावर भुलू नका. दोन, प्रत्यक्ष मुलांसोबत किती दिवस? प्रोजेक्ट फाइल आणि थर्माकोलचे चार्ट यांनाच प्रॅक्टिकल म्हणत असतील, तर नमस्कार करून बाहेर पडा. तीन, गेल्या वर्षीच्या मुली आज कुठे आहेत? दोघी-तिघींशी स्वतः बोला. ब्रोशर सांगत नाही ते त्या चहावर सांगतील.

आणि हो, पैशाचं खरं बोलू. छोट्या खासगी केजीत सुरुवातीचा पगार तुमच्या पुण्यातल्या रूमच्या भाड्याएवढाही नसू शकतो. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. देश सगळ्यात लहान मुलांना ‘पाया’ म्हणतो आणि तो घालणाऱ्या बाईला सगळ्यात कमी पैसे देतो, हे कटू आहे. पण म्हणूनच कोर्स निवडताना चूक परवडत नाही. कच्चं सर्टिफिकेट हातात असेल तर त्या कमी पगारावरच वर्षानुवर्षं अडकायला होतं. पक्का डिप्लोमा किंवा पदवी असेल तर निदान पुढची पायरी मागता येते.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली असेल तरी एक सकाळ काढा. ओळखीच्या बालवाडीत परवानगी घेऊन तीन तास बसा. रडणारी, चावणारी, मध्येच झोपणारी, एकच गोष्ट पाचव्यांदा मागणारी मुलं बघा. घरी येताना डोकं दुखत असेल, पण उद्याही जावंसं वाटत असेल, तर फॉर्म भरून टाका.