बढती मिळाली, जिने सुटले

मी १९८८ साली भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलो. मशीनशॉप एका टोकाला, स्टोअर्स दुसऱ्या टोकाला आणि तपासणी विभाग वरच्या मजल्यावर. एखादा जॉब अडला की धावपळ माझी. कामावर जाणं-येणं सायकलवर. व्यायाम करावा असं तेव्हा कधी डोक्यात आलं नाही, कारण दिवसभर तोच चालू होता.

पुढे बढत्या मिळाल्या. सायकल जाऊन स्कूटर आली, स्कूटर जाऊन ड्रायव्हरसह कंपनीची गाडी आली. फाइल शिपाई आणून देई, चहा टेबलावर येई आणि शॉपवर काय चाललंय ते संगणकावर दिसे. ज्याला खुर्चीतून उठावं लागत नाही तो मोठा साहेब, अशीच आमची समजूत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी वार्षिक तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. ‘पण मी काही लठ्ठ नाही,’ असा मी वाद घातला. डॉक्टरांनी उत्तर न देता टेप काढली आणि पोटाचा घेर मोजला. ९६ सेंटिमीटर! भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

वजन बेताचं आणि साखर जास्त, हे कसं? याचं एक मजेदार उदाहरण पुण्यातलंच आहे. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. आपली शरीरं वरून सडपातळ दिसली तरी आत चरबी बाळगून असतात, हा त्यातला मुद्दा. त्यात आणखी एक मिश्किल नोंद आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद होण्यापूर्वी ती गाठण्यासाठी केलेली धावपळ! हे वाचून मी हसलो खरा, पण मी तर लिफ्टसाठीही धावत नव्हतो.

बैठ्या कामाचा आणि हृदयाचा संबंध दाखवणारा पहिला मोठा अभ्यास मात्र लंडनच्या बसगाड्यांवर झाला. डॉ. जेरी मॉरिस यांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. मुंबईकरांना बेस्टची जुनी डबलडेकर आठवत असेल. तशाच त्या गाड्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच शहरात, साधारण एकाच आर्थिक परिस्थितीतले. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर रोज शेकडो पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला, आणि झालाच तर उशिरा. मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. मात्र हा फरक तरुण ड्रायव्हरांमध्येही होता. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटी दिली.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर वापरणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायू हालत असतील तर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ते साखर ओढून घेतात. तासन्‌तास बसलेल्या माणसाचं हे गिऱ्हाईक झोपलेलं असतं आणि माल रक्तातच पडून राहतो.

एवढं कळूनही मी लगेच सुधारलो असं नाही. २०११ साली एका संध्याकाळी साडेसातला मी आढावा बैठक बोलावली होती. विक्री विभागातला एक मॅनेजर, वय एकोणचाळीस, सारखा घाम पुसत होता. मला वाटलं, आकडे कमी आलेत म्हणून. छातीत जळजळ होतेय म्हणाला, तेव्हा मी ॲसिडिटीची गोळी मागवली. त्यात अर्धा तास गेला. अशा वेळी अर्धा मिनिटही घालवू नये, हे आज मी प्रत्येकाला सांगतो. नशिबाने तो वाचला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने मला शांतपणे विचारलं, ‘सर, डॉक्टरांनी यांना वर्षापूर्वीच रोज संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. पण घरी यायलाच साडेनऊ व्हायचे. यांनी चालायचं कधी?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सिगारेटही ओढायचा, त्यामुळे माझ्या बैठकीनेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्याची संध्याकाळ माझ्या हातात होती, एवढं खरं.

त्यानंतर साडेपाचच्या पुढे बैठक घेणं मी बंद केलं. बैठक पाऊण तासाची. दोघांचंच बोलणं असेल तर कारखान्याच्या आवारात चालता चालता. रोज सकाळी शॉपवर एक फेरी, जेवणानंतर दहा मिनिटं चालणं आणि तीन मजल्यांपर्यंत जिना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं माप आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. ही मिनिटं सलगच हवीत असंही नाही. थोडी थोडी केलेली हालचालही जमेस धरतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

माझी साखर आज आटोक्यात आहे, गोळी सुटलेली नाही. तो तरुण मित्र आता पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि रोज टेकडी चढतो. आपल्यापैकी जे अधिकारी आहेत, त्यांना एवढंच सांगतो. हाताखालच्या माणसाला ‘तब्येतीकडे लक्ष द्या’ असं आपण सहज म्हणतो. ते म्हणण्याआधी, तो किती वाजता घरी पोचतो हे एकदा विचारून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)