उड्या मारणारी जनुके आणि बेडकाची दोन घराणी

गुणसूत्रांच्या जगात : भाग ९

मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांचा अभ्यास करताना बार्बरा मॅक्लिंटॉक यांना गुणसूत्रावरची जागा बदलणारे डीएनएचे तुकडे सापडले, हे आपण मागच्या भागात पाहिले. हे काम १९४०च्या दशकातले, पण नोबेल मिळाले ते १९८३ साली. या तुकड्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. कित्येक वर्षे त्यांच्यावर ‘निरुपयोगी डीएनए’ असा शिक्का बसला होता. आज ज्या बेडकाबद्दल बोलायचे आहे, त्याच्या पूर्वजांचा छडा मात्र याच तुकड्यांमुळे लागला.

हा बेडूक म्हणजे झेनोपस लेव्हिस. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, मागच्या पायांना नखे असलेला आणि जवळजवळ सारे आयुष्य पाण्यात काढणारा. जगभरच्या प्रयोगशाळांत तो वर्षानुवर्षे पाळला जातो. त्याच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात. पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच्या नातलगाकडे, झेनोपस ट्रॉपिकॅलिसकडे, फक्त २० आहेत. वीसची दुप्पट चाळीस. मग लेव्हिसची चार गुणसूत्रे गेली कुठे? ती हरवलेली नाहीत. लेव्हिसच्या पूर्वजांमध्ये नववे आणि दहावे गुणसूत्र एकमेकांना जोडले गेले होते. त्यामुळे प्रत्येक पूर्वजाकडे १८ गुणसूत्रे होती. अशा दोन वेगळ्या जातींचा संकर झाला, दोघांचाही संपूर्ण संच टिकला आणि ३६ गुणसूत्रांचा बेडूक जन्माला आला. गहू आणि अमेरिकन कापूस अशाच संकरातून आले आहेत. वनस्पतींत हे वरचेवर घडते, प्राण्यांत क्वचित.

आता खरा पेच येतो. कोणते गुणसूत्र कोणत्या पूर्वजाचे, हे ओळखायचे कसे? ते दोन्ही पूर्वज आज कुठेही सापडत नाहीत, त्यामुळे ताडून पाहायला नमुनाच नाही. गुणसूत्रांच्या जोड्या लावल्या की प्रत्येक जोडीत एक लांब आणि एक आखूड दिसते. पण सगळी लांब गुणसूत्रे एकाच पूर्वजाकडून आली, असे नुसत्या लांबीवरून म्हणता येत नाही.

इथे ट्रान्सपोझॉन कसे पसरतात ते समजून घेऊ. ‘मरिनर’ गटातला तुकडा पाहा. त्याच्या दोन्ही टोकांना तोच मजकूर उलटसुलट असतो. मधल्या भागात एका विकराची कृती असते. हे विकर ती टोके ओळखते, तुकडा कापून काढते आणि डीएनएत जिथे टी-ए ही अक्षरे लागोपाठ येतात तिथे नेऊन बसवते. बसवताना ती दोन अक्षरे तुकड्याच्या दोन्ही बाजूंना उमटतात, म्हणून घुसखोरीची जागा पुढेही ओळखू येते. इकडे रिकामी झालेली जागा पेशी जोडीच्या प्रतीवरून भरून काढते. त्या प्रतीत तो तुकडा असतोच, त्यामुळे तो जुन्या जागीही पुन्हा उभा राहतो. अशा रीतीने एकाचे शेकडो होतात. पुढे उत्परिवर्तने साचतात, विकर बिघडते, उड्या थांबतात आणि उरतात ते अवशेष.

दोन पूर्वज जाती एकमेकींपासून वेगळ्या राहत असताना प्रत्येकीत वेगळे ट्रान्सपोझॉन फोफावले. लग्नात दोन घरांची भांडी एकत्र झाली, तरी त्यांवर घातलेल्या नावांवरून ज्याची त्याला परत करता येतात. इथे नावे घालण्याचे काम या तुकड्यांनी केले. ते संकरानंतरही उड्या मारत राहिले असते, तर दोन्ही संचांवर पसरले असते. म्हणून जो अवशेष फक्त निम्म्या गुणसूत्रांवर सापडतो, तो संकराआधीचाच असला पाहिजे.

रिचर्ड हार्लंड, डॅनियल रॉख्सर आणि जपानचे मासानोरी ताइरा यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने नेमके असेच अवशेष शोधले. त्यांत हार्बिंजर आणि मरिनर या कुळांतले तुकडे होते. काही फक्त लांब गुणसूत्रांवर सापडले, तर काही फक्त आखूड गुणसूत्रांवर. त्यांतल्या मरिनर तुकड्याला जुळणारे चमकणारे रेणू गुणसूत्रांवर सोडले, तेव्हा फक्त आखूड गुणसूत्रे उजळली. सगळी लांब गुणसूत्रे एका घराण्याची, सगळी आखूड दुसऱ्याची, हे डोळ्यांनी दिसले. हे संशोधन ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या अंदाजानुसार दोन जाती सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाल्या आणि सुमारे १.७ ते १.८ कोटी वर्षांपूर्वी पुन्हा एकत्र आल्या.

घराणी ओळखता आल्यामुळे पुढचा प्रश्नही विचारता आला : एकाच पेशीत आल्यावर दोघांचे काय झाले? आखूड संचाने जनुके जास्त गमावली, त्याची मोडतोडही अधिक झाली. लांब संच बराचसा मूळ रूपात टिकला. दोन संचांचा हा संसार बरोबरीचा नव्हता, हे त्या अवशेषांवाचून कळलेच नसते.

डीएनएचा एखादा भाग प्रथिन बनवत नाही म्हणून तो निरर्थक, हा निष्कर्ष घाईचा होता. बेडकाला त्या तुकड्यांचा उपयोग असो वा नसो, जिचे दुसरे कोणतेच साधन उरले नव्हते अशी कोट्यवधी वर्षांची वंशावळ त्यांनी जपली आहे. असे तुकडे पूर्वजांकडूनच येतात असे आपण आतापर्यंत धरून चाललो. पुढच्या भागात पाहू सापांकडून बेडकांच्या गुणसूत्रांत पोचलेला एक तुकडा आणि मादागास्करमधल्या बेडकांत सापडलेल्या त्याच्या खुणा.