बुलढाणा जिल्ह्यातील शालेय आरोग्य व शारीरिक शिक्षण

आरोग्य व शारीरिक शिक्षण हा महाराष्ट्र राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक अभ्यासक्रमातील अनिवार्य विषय आहे. इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना या विषयात गुण न देता श्रेणी दिली जाते. विद्यार्थी व पालक यांच्या बोलण्यात हा विषय 'पीटीचा तास' या नावानेच ओळखला जातो. प्रस्तुत लेख अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाची पार्श्वभूमी, स्वरूप आणि अडचणी यांचा परिचय करून देतो.

पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाच्या घडामोडींचा, उदाहरणार्थ १९३८ मध्ये कांदिवली येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण संस्थेचा, या भागाशी निकटचा संबंध आला नाही. वऱ्हाडात हे कार्य प्रामुख्याने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाने आखाड्यातील व्यायामाला शिस्तबद्ध प्रशिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालविले.

स्वातंत्र्यानंतर या विषयावर लष्करी कवायतीची छाप पडली. आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली होती. कुंझरू समितीच्या शिफारशींनुसार ही योजना आणि तिच्यासारखे इतर उपक्रम एकत्र करून १९६५ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य दल उभारण्यात आले. रांगेत उभे राहणे, 'सावधान', 'विश्राम', तालावरची कवायत हेच शारीरिक शिक्षण अशी जी समजूत अद्याप आढळते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या काळात आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आरोग्य, योग आणि खेळ यांना एका विषयाच्या छत्राखाली आणले.

विषयाचे स्थान

दहावीच्या परीक्षेत सहा विषयांचे ६०० गुण असतात व निकालाची टक्केवारी त्यांपैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर काढली जाते. आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी गुणपत्रिकेवर उमटते, टक्केवारीत मात्र ती येत नाही. एखाद्या मुलाच्या शरीराची दुसऱ्याच्या शरीराशी गुणांत तुलना होऊ नये, हा श्रेणीमागील विचार योग्यच आहे. व्यवहारात त्याचा उलटा परिणाम झाला. ज्या विषयाला गुण नाहीत त्याचा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकणे सोपे ठरले, आणि दिवाळीनंतर दहावीच्या वर्गाचे मैदान बहुधा रिकामेच राहते.

शिक्षकांचा प्रश्न याहून कठीण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. सहावी ते आठवीच्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूदही त्यात आहे, परंतु ती शंभराहून अधिक पटसंख्या असलेल्या शाळांपुरती आहे. लहान खेड्यातील शाळा या अटीतून आपोआप बाहेर पडते. तेथे भाषेचे किंवा इतिहासाचे शिक्षकच शिट्टी हाती घेतात.

घाटावर आणि घाटाखाली

जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके पठारावर आहेत, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यात. खालच्या भागातील उन्हाळा अधिक तीव्र असतो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात आणि मार्चपासून सकाळच्या सत्रात भरतात, ते यामुळेच. मैदानी तास सकाळच्या पहिल्या तासिकांत ठेवणे येथे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा भाग ठरतो. धावताना स्नायूंत निर्माण झालेली उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. शरीरातील पाणी घटले की घाम कमी होतो व तापमान वाढू लागते. विद्यार्थी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर तो 'कामचुकारपणा' नसून उष्माघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याला तत्काळ सावलीत नेऊन अंग ओल्या कापडाने पुसावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. शुद्धीवर असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही देऊ नये.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. तेथील शाळेत खेळून आलेल्या मुलांना पिण्यायोग्य पाणी मिळणे, ही मैदानाइतकीच मूलभूत गरज होय.

आरोग्याचा भाग

विषयाच्या नावात आरोग्य आधी येते, तासिकेत ते मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी. शेतात राबणाऱ्या किंवा कोसभर चालत शाळेत येणाऱ्या मुलांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असे पालक म्हणतात व त्यात तथ्यही आहे. परंतु लवचिकता, तोल आणि सांघिक खेळातील निर्णयक्षमता श्रमातून आपोआप येत नाही.

किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय हा या भागाचा सर्वांत महत्त्वाचा घटक मानावा लागेल. थोडे धावले की दम लागणाऱ्या मुलीला आळशी ठरविण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासले जाणे इष्ट असते. शाळांमधून आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती जेवणानंतर घ्यावी, लगोलग चहा पिऊ नये. शौचाचा रंग काळसर होणे स्वाभाविक आहे. हे आधी न सांगितल्यामुळे मुली घाबरून गोळ्या टाकून देतात. मासिक पाळीच्या दिवसांत मुलींना सरसकट बाकावर बसविण्याची प्रथाही वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे. त्रास नसेल तर खेळण्यास हरकत नसते, त्रास असेल तर कारण न विचारता सूट मिळावी.

आरोग्यशिक्षणाची गरज जानेवारी २०२५ मध्ये ठळकपणे दिसली. शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. पाणी, शाम्पू, विषाणू अशा तर्कवितर्कांना ऊत आला व बाधितांना सामाजिक दुराव्याला तोंड द्यावे लागले. नंतरच्या तपासण्यांत रक्तातील सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. संसर्ग आणि विषबाधा यांतील फरक नववीच्या वर्गात समजलेला असेल, तर शेजारच्या बाकावरचा मुलगा दूर सरकत नाही.

स्पर्धा

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तालुका व जिल्हा पातळीवर होतात. त्यांतून विभाग, राज्य व राष्ट्रीय पातळीचा मार्ग खुला होतो. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे गुण मिळतात. टक्केवारीत शारीरिक शिक्षणाचा प्रवेश होतो तो एवढाच.

कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे ग्रामीण शाळांचे परंपरागत खेळ. तथापि अलीकडे जिल्ह्याचे नाव धनुर्विद्येमुळे दूरवर पोचले. बुलढाण्याचा धनुर्धर प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत हरवून सुवर्णपदक पटकावले, आणि त्याच वर्षी हांगचौ आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा व ओजस देवतळे यांच्यासह सांघिक सुवर्णही मिळविले. या खेळाला लागणारी साधने महाग असल्याने बहुसंख्य शाळांत तो शिकविला जात नाही. खो-खोला मात्र दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात.