सात किलोमीटरची नदी, सत्तावीस ग्रॅम प्राणवायू

30 अंश तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच तापमानाच्या एक लिटर स्वच्छ, गोड्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा 36 पट विरळ प्राणवायूवर जगतो. थंड देशातल्या 10 अंशांच्या नदीत हाच आकडा सव्वाअकरा असतो. आपल्याकडचे पाणी मुळातच कमी प्राणवायू धरते आणि उष्णतेमुळे माशाला व जंतूंना तो जास्त लागतो. प्राणवायू लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे त्रासतात, दोनच्या खाली ते पळून जातात किंवा मरतात. कांदिवलीच्या पोईसर नदीच्या तोंडाशी जाळे टाकणाऱ्याचा प्रश्न आधी या पाच-सात मिलिग्रॅमचा आहे. जाळ्याचा आस, होडीचे इंजिन, डिझेलचा भाव हे सगळे त्यानंतर येते.

पोईसर जेमतेम 7 किलोमीटरची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते, कांदिवली पूर्वेच्या दाट वस्त्यांतून उतरते, द्रुतगती महामार्ग आणि रेल्वे ओलांडून पश्चिमेला येते आणि तिवरांमधून खाडीला मिळते. जंगलातला तिचा भाग अजून नदीसारखा आहे. वस्ती लागली की शंभर-दोनशे मीटरमध्ये तिचा रंग बदलतो.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यातली घाण कुजायला साधारण 27 ग्रॅम प्राणवायू लागतो, असे अभियंते धरतात. आपल्याकडे प्राणवायूची ही मागणी मोजताना पाणी 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि किती प्राणवायू खर्च झाला ते पाहतात. 27 ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण पाण्यात तो लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच असतो. म्हणून एका माणसाचे एका दिवसाचे सांडपाणी 3600 लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते.

2011 च्या जनगणनेत कांदिवलीच्या आर दक्षिण विभागाची लोकसंख्या सुमारे 6 लाख 91 हजार होती. गुणाकार केला की दिवसाला पावणेएकोणीस टन प्राणवायू, म्हणजे जवळपास 249 कोटी लिटर स्वच्छ पाण्याचा प्राण. शेजारच्याच उद्यानातला तुळशी तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे 804 कोटी लिटर पाणी मावते. एकट्या कांदिवलीचे सव्वातीन दिवसांचे सांडपाणी त्या अख्ख्या तलावाला गुदमरवायला पुरेसे आहे. आणि पोईसर काही तुळशी तलाव नव्हे. पावसाळा सोडला तर तिच्यात डोंगराचे पाणी जवळपास उरतच नाही, घाण पातळ करायला काहीच नसते.

हे सगळे सांडपाणी नदीत जात नाही, हेही सांगायला हवे. मोठा भाग मलवाहिन्यांतून मालाडच्या सांडपाणी केंद्राकडे जातो. पण वर्षानुवर्षे त्या केंद्रात कचरा आणि रेती वेगळी करण्यापलीकडे फारसे काही होत नव्हते. विरघळलेली घाण तशीच मालाड खाडीत जात राहिली. काठच्या वस्त्यांना मलवाहिनीच नाही, त्यांची गटारे थेट पात्रात उघडतात. यासाठी वस्तीतल्या माणसाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला नळ दिला, त्याला मलवाहिनी द्यायची राहून गेली.

मग खाडी अजून जिवंत कशी? भरतीमुळे. एक चौरस किलोमीटर खाडीत भरतीचे पाणी 3 मीटर चढले तर 300 कोटी लिटर पाणी आत येते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 6 मिलिग्रॅम धरले तर हा 18 टन प्राणवायू झाला. कांदिवलीची एका दिवसाची मागणी साधारण तेवढीच आहे. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणजे वरवर पाहता हिशेब जमतो. प्रत्यक्षात जमत नाही, कारण चिंचोळ्या, लांब खाडीत ओहोटीला बाहेर गेलेलेच पाणी पुष्कळदा पुढच्या भरतीला परत येते. उधाणाच्या मोठ्या भरतीला ताजे पाणी आतवर पोचते, भांगाच्या लहान भरतीला ते तोंडाशीच घुटमळते. कोळी उधाण-भांग पाहून बोकशी, डोल ही जाळी लावतो, त्यात माशांच्या येण्याजाण्याइतकाच खाडीच्या या श्वासाचाही भाग आहे.

म्हणून तिवरांची जमीन मोलाची. उधाणाला एका हेक्टरवर मीटरभर पाणी चढले तर ते 1 कोटी लिटर होते. भराव घातला की दर उधाणाला तेवढे पाणी खाडीत यायचे थांबते. चारकोपच्या बाजूने वर्सोवा-दहिसर रस्ता आखला गेला आहे. त्याच्या चर्चेत तिवरांची झाडे मोजली जातात, हे पाणी कोणी मोजत नाही.

चिंबोरीची मादी एका वेळी दहा लाखांहून जास्त अंडी घालते. ती अंडी घालायला बाहेर समुद्रात जाते, पिल्ले परत तिवरांत येतात. बोईटही समुद्रात अंडी घालतो आणि त्याची पोरे खाडीत वाढतात. इतक्या लाखांतून दोन जीव मोठे झाले तरी वंश टिकतो. पण खाडीच्या मध्ये प्राणवायू नसलेला एक पट्टा पडला तर लाखांतले दोनही आत येत नाहीत. निवटी टिकते, कारण ती ओल्या कातडीने आणि तोंडाने हवेतूनही श्वास घेते. जाळ्यात निवटी मिळते आणि कोळंबी, बोईट मिळत नाहीत, तेव्हा पाण्याची तपासणी झालेलीच असते. अहवाल यायची गरज नसते.

जगभरात अशा लहान मासेमारीतून निदान 3 कोटी 70 लाख टन मासळी येते. एकूण पकडीच्या ती 40 टक्के आहे आणि 49 कोटींहून जास्त माणसांची उपजीविका थोडीफार तरी तिच्यावर चालते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांसोबत 2023 मध्ये हे मांडले आणि या मासळीला ‘लपलेली पकड’ म्हटले. पागाचे जाळे फेकून टोपलीभर मासळी आणणारा आणि ती गल्लीतच विकणारी बाई बंदरावरच्या नोंदवहीत सहसा येत नाहीत. नोंद नाही, म्हणून नुकसानही नाही. भरपाई मागायची तर आधी किती मासळी होती ते दाखवावे लागते.

मालाडला आता दिवसाला 45 कोटी 40 लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे नवे केंद्र उभारले जात आहे. लिटरमागे 200 मिलिग्रॅम मागणीचे पाणी तिथे आले तर ही मागणी रोजची 90 टन होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये मोठ्या शहरांतल्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी लिटरमागे 10 मिलिग्रॅम मागणीची मर्यादा सांगितली. ती खरोखर पाळली तर 90 टनांचे साडेचार टन होतील. मात्र पोईसरच्या काठची गटारे मलवाहिनीला जोडली नाहीत, तर नदीच्या वाट्याचे टन आहेत तिथेच राहतील. आणि केंद्र सुरू झाल्यावर प्राणवायू मोजायचा तो भांगाच्या ओहोटीला, नदीच्या तोंडाशी मोजावा. खाडीचा श्वास सर्वांत कमी असतो तो त्या वेळी.