‘नुसती मुलं सांभाळायचं काम’ असं म्हणणाऱ्यांसाठी: बालवाडी शिक्षिका होण्याचा रस्ता नेमका कसा असतो?

लग्नकार्यात हमखास कानावर पडणारा संवाद आहे.

“काय करतेस सध्या?”
“बालवाडीत शिकवते.”
“अरे वा! म्हणजे सुट्ट्या भरपूर. मुलांना खेळवायचं आणि घरी यायचं!”

हीच मुलगी कॉलेजात शिकवते म्हणाली असती, तर समोरच्याने जरा सावरून बसून पुढचा प्रश्न विचारला असता. म्हणजे आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मूल जितकं लहान, तितका त्याच्या शिक्षकाचा मान कमी आणि पगारही कमी.

गंमत म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेमकं याच्या उलट सांगतं. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, असं त्या धोरणात लिहिलंय. मग या सहा वर्षांत मुलांसोबत असणारी माणसं कोण? ती कुठे शिकतात, पुढे कुठे पोचतात आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना कोणत्या? समजून घेऊ.

सुरुवात झाली ती अंगणात

१९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मुलांना छडीशिवाय आणि भीतीशिवाय शिकवता येतं, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. बालशिक्षकांनी एकत्र येऊन बांधलेल्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक.

पण तेव्हाची बालमंदिरं शहरातली आणि साधनं महागडी. गावातल्या गरिबाच्या मुलाचं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधायला ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं.

तिथे वेगळीच अडचण समोर आली. मुलं शाळेत येईनात, कारण मोठ्या मुलांना धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं राखायची होती. मुलं येत नाहीत तर शाळाच मुलांकडे जाईल, असं या दोघींनी ठरवलं. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं आणि खडे आले.

आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आलाय. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

रस्ता पहिला: अंगणवाडी

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली. सुरुवात फक्त ३३ प्रकल्पांपासून होती. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

महाराष्ट्रात सेविका किंवा मदतनीस व्हायचं तर बारावी पास आणि स्थानिक रहिवासी असावं लागतं. वयाची अट १८ ते ३५, विधवा महिलांसाठी ४० पर्यंत.

पुढे बढती मिळते का? मिळते. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा मदतनीसांमधून भरायच्या आहेत. तसंच पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत. पर्यवेक्षिका म्हणजे आपल्याकडची मुख्यसेविका. त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी असतात.

कागदावर शिडी आहे, पण पहिल्या पायरीवरचं काम बघा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शालेय पूर्वशिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. त्यातल्या काही आरोग्य खात्यासोबत दिल्या जातात, तरी बायांना गोळा करण्यापासून नोंदी ठेवण्यापर्यंत सेविकेलाच धावावं लागतं. वर मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा. यात ‘शिकवणं’ हे सहापैकी फक्त एक काम आहे आणि घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तेच मागे पडतं.

रस्ता दुसरा: खाजगी बालवाडी, प्ले ग्रुप, केजी

इथे नोकरी पटकन मिळते, पण नियम धूसर आहेत. कुठे प्रशिक्षित शिक्षिका हवी असते, कुठे ‘इंग्लिश बोलता येतं ना? या उद्यापासून’ एवढ्यावर काम भागतं. पगाराचंही तसंच. मोठ्या शहरातली नावाजलेली शाळा आणि गल्लीतला प्ले ग्रुप यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

अनुभवानंतर समन्वयक, बालवाडी विभागाच्या मुख्याध्यापिका, प्रशिक्षक, अभ्यासक्रम किंवा बालसाहित्य तयार करणं असे रस्ते उघडतात. काही जणी स्वतःची बालवाडीही काढतात.

कोर्स कोणता करायचा?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. त्यामुळे नीट वाचा.

• पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका: शिक्षक प्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, अर्थात एनसीटीई. तिच्या २०१४ च्या नियमांत ही दोन वर्षांची पदविका आहे.

• डीएलएड: जुनं डीएड. हे प्राथमिक शाळेच्या शिक्षकांसाठी आहे. बालवाडीत याचा उपयोग होतो, पण मुख्य भर तिथे नसतो.

• आयटीईपी: बारावीनंतरची चार वर्षांची एकात्मिक पदवी. यात ‘पायाभूत स्तर’ निवडता येतो.

• मानव विकास किंवा बालविकास: गृहविज्ञान शाखेतली पदवी आणि पदव्युत्तर पदवी. संशोधन, सामाजिक संस्था किंवा समुपदेशनाकडे जायचं असेल तर हा चांगला पाया.

• एनटीटी, माँटेसरी वगैरे सर्टिफिकेट: गल्लोगल्ली मिळतात. काही ठिकाणी खरोखर उत्तम शिकवतात. पण अशा अनेक कोर्सना एनसीटीईची मान्यता नसते. ‘सरकारमान्य’ असं फ्लेक्सवर लिहिलेलं असलं, तरी मान्यता कोणाची आणि कशासाठी, हे फी भरण्याआधी विचारा. मुलांसोबत प्रत्यक्ष सराव किती दिवस आहे, हेही विचारा. सगळा कोर्स ऑनलाइन आणि मूल एकही नाही, असं असेल तर जरा थांबा.

संघटना कशाला हव्यात?

बालवाडीच्या शिक्षिका बहुतेकदा एकट्या पडलेल्या असतात. शाळेत त्यांचा विभाग वेगळा, घरी कामाला किंमत नाही आणि सरकार दरबारी ‘शिक्षक’ म्हणून नोंद नाही. म्हणून संघटना लागते. आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारच्या संघटना काम कसं करायचं यावर बोलतात. इंडियन असोसिएशन फॉर प्रीस्कूल एज्युकेशन ही १९६४ पासूनची संस्था. महाराष्ट्र बालशिक्षण परिषद मराठीतून काम करते, तिची अधिवेशनं भरतात आणि तिथे शिक्षिका एकमेकींचे प्रयोग बघतात. खाजगी बालवाड्यांच्या क्षेत्रात अर्ली चाइल्डहूड असोसिएशन आहे. जगाच्या पातळीवर १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘ओमेप’ आहे.

दुसऱ्या प्रकारच्या संघटना कामाचा मोबदला आणि हक्क यावर बोलतात. त्या म्हणजे अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या युनियन. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीसांनी संप पुकारला. तो पन्नासहून अधिक दिवस चालला. मागण्या होत्या मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी.

‘मानधन’ या शब्दात सगळं अडकलंय

सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. कारण कागदोपत्री ती सरकारी कर्मचारी नसून ‘मानद’ कार्यकर्ती आहे. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं. राज्यं त्यात आपली भर घालतात. २०२३ मध्ये महाराष्ट्रात हा एकूण आकडा १०,००० रुपयांवर गेला आणि २०२४ मध्ये त्यात आणखी वाढ झाली.

२५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने महत्त्वाचा निकाल दिला. गुजरातमधल्या प्रकरणात कोर्ट म्हणालं, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. या निकालात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ चाही उल्लेख होता.

हे कलम ३ ते ६ वयाच्या मुलांबद्दल आहे. पण त्यात मेख आहे. सरकार अशा शिक्षणाची सोय ‘करू शकेल’ असं ते म्हणतं, ‘करायलाच हवी’ असं म्हणत नाही. पहिलीपासूनचं शिक्षण हक्क आहे आणि त्याआधीचं सरकारच्या मर्जीवर. शिक्षिकेचा दर्जाही मग तसाच अधांतरी राहतो.

आता काय बदलतंय?

नव्या धोरणाने बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ केलाय. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी योजना धोरणात आहे. २०३० पर्यंत प्रत्येक मुलापर्यंत दर्जेदार बालशिक्षण पोचवायचं उद्दिष्ट आहे.

म्हणजे सेविकेकडून आता शिक्षिकेचं काम अपेक्षित आहे. शिक्षिकेचा पगार मात्र धोरणातल्या त्या ओळींसोबत आलेला नाही.

या क्षेत्रात यायचं असेल तर हे सगळं माहीत असून या. मान्यता तपासा, प्रत्यक्ष मुलांमध्ये काम करून बघा, एखाद्या संघटनेशी जोडून घ्या. आणि पालक असाल, तर पुढच्या वेळी बालवाडीत गेल्यावर ‘एबीसीडी कधी येणार?’ याआधी एक प्रश्न विचारा: “ताई, तुमच्या वर्गात मुलं किती आहेत आणि तुमच्या मदतीला कोण आहे?”

उत्तर ऐकलं, की ‘नुसती मुलं सांभाळायचं काम’ हे वाक्य तोंडातून निघणार नाही.