संगणकाला पत्ता कोण देतो?

श्रोतेहो, शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याची खूण सांगितली की दुकान सापडते. संगणकाला मात्र आकडी पत्ताच लागतो. शाळेतल्या चाळीस यंत्रांना तो हाताने द्यायचा म्हणजे चूक ठरलेलीच! १९९३ साली निघालेल्या डीएचसीपी पद्धतीने हे काम, सोय असलेला नेटवर्क स्विचच करतो. त्याला पत्त्यांचा साठा नेमून द्यावा, समजा १९२.१६८.१०.५० पासून १९२.१६८.१०.१९९ पर्यंत, म्हणजे दीडशे पत्ते. स्विचचा आणि प्रिंटरचा कायमचा पत्ता या साठ्याबाहेर ठेवावा. नाहीतर तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला जायचा आणि ऐन परीक्षेत छपाई अडायची. पत्ता मुदतीने मिळतो. येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन पुष्कळ असतील तर मुदत थोडी ठेवावी, म्हणजे पत्ते लवकर साठ्यात परततात. साठा संपला, तर एकशे एक्कावन्नावा ताटकळलाच!